तापी जिथे समुद्राला मिळते तिथून बोट सुटते, खान्देशला कोणी सांगेल का?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

सुट्यांचे दिवस जवळ आले की पेपरच्या पुरवणीत फिरायला कुठं जायचं याची पानं येतात, आणि त्यात बोटीचं काही असलं तर ते हमखास भाऊचा धक्का, मांडवा, अलिबाग नाहीतर मालवण. कोकणाबद्दल काही म्हणणं नाही, छानच आहे ते. पण धुळे-नंदुरबार-जळगावच्या आवृत्तीत पण तेच पान जसंच्या तसं येतं, म्हणजे आमच्या माणसानं आधी रात्रभर बसून मुंबई गाठायची नि मग बोट बघायची. आमचा समुद्र मुंबईला नाहीये हो. खान्देशचा समुद्र सुरतेला आहे, तापी जाते तिथं. आणि तिथून चांगली मोठी बोट सुटते, सुरतजवळच्या हजीऱ्याहून पलीकडं भावनगरजवळच्या घोघ्याला, हे आमच्याकडं चौकात उभं राहून विचारा, कोणाला माहीत नसतं. म्हणून हे पत्र लिहितोय, जरा लांबलंय पण पूर्ण छापा ही विनंती.

हजीरा-घोघा ही सेवा 8 नोव्हेंबर 2020 ला सुरू झाली, पंतप्रधानांनी उद्घाटन केलं होतं, पण तेव्हा कोरोनाचे दिवस, फिरण्याचं कोणाच्या डोक्यातच नव्हतं. रो-पॅक्स म्हणतात तिला, खालच्या मजल्यांवर ट्रक नि कार, वर माणसं. सुरतहून त्या बाजूला रस्त्यानं जायचं तर 370 किलोमीटर पडतं कारण मधे खंभातचं आखात आडवं आहे, भरूच करत पार वटामण चोकडीपर्यंत वर जायचं नि परत खाली भावनगरला यायचं. समुद्रातून तेच 90 किलोमीटर. सरकारी जाहिरातीत याचा सगळा हिशोब तास किती वाचले नि डिझेल किती वाचलं असाच असतो, 10-12 तासांचे 4 तास झाले वगैरे. ते महत्त्वाचं आहेच, ट्रकवाल्याला विचारा त्याचं मोल. पण मला या बोटीत जे आवडलं ते म्हणजे ती सावकाश जाते. 90 किलोमीटरला 4 तास म्हणजे तासाला बावीस-तेवीस किलोमीटर. एवढ्या वेगात माणसाला आजूबाजूचं दिसतं, शेजारच्याशी बोलणं होतं, डबा नीट उघडून खाता येतो, आणि पोचल्यावर अंग आंबलेलं नसतं. आमच्या वयाच्या लोकांना बसमध्ये दहा-बारा तास पाय लोंबकळत ठेवून बसवत नाही, गुडघे सुजतात, म्हणून तर कित्येक जण लांबच्या नातेवाइकांकडं, मित्रांकडं जाणंच सोडून देतात नि मग फोनवरच सगळं.

माझंही तसंच चाललं होतं. कॉलेजातले आमचे दोन मित्र केमिकलच्या नोकरीसाठी भावनगरला गेले ते तिथलेच झाले, घरं बांधली, पोरांची लग्नं तिकडंच झाली. दर दिवाळीला फोन, या ना एकदा, येतो ना, येतो. यंदा पौषात ठरवलं की जायचं नि बोटीनंच जायचं. घरून विरोध झाला तो उलटीवरून. आमच्या मंडळींना एसटीत लागते, तर समुद्रात काय होईल म्हणून आवळा सुपारीची डबी, लिंबं, गोळ्या असं सगळं बांधून घेतलं. आधीच सांगून टाकतो, काही लागलं नाही. जहाज मोठं आहे, माणसं पाचशेच्या आसपास नि खाली ट्रक-गाड्यांचं वजन, त्यामुळं थंडीच्या दिवसात पाणी शांत असलं तर हलल्यासारखं वाटतच नाही.

दोंडाईचाहून गाडी पकडली. या तापी व्हॅली लाइनीवर लहानपणापासून फिरतोय पण नवापूर स्टेशन आलं की अजून खिडकीतून बघतो, स्टेशन अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमध्ये, हद्दीची रेघ प्लॅटफॉर्मवरूनच जाते. पुढं सोनगढ, व्यारा, बारडोली करत उधना. उधन्याला उतरलं की परदेशात आल्यासारखं आपल्याला वाटतच नाही, लिंबायत, डिंडोली, उधना हा सगळा पट्टा आपल्याच लोकांचा, श्रावणात आपली कानबाई देवी तिथंही बसते, तिच्या रोटाचा दळण-कांडणाचा थाट तोच. माझ्या चुलतभावाकडं अंघोळ-चहा केला. खान्देशातलं असं घर सापडणं कठीण ज्याचं कोणी सुरतेला नाही. म्हणजे बोटीपर्यंत जायला आमच्या लोकांचा निम्मा मुक्काम आधीच बांधलेला आहे, हे मला सांगायचंय.

आता जिथं अडतं ते. सुरत स्टेशनपासून हजीऱ्याचा धक्का पंचवीस-तीस किलोमीटर दूर आहे. स्वतःची कार असली तर प्रश्नच नाही, कार घेऊन थेट जहाजात. पण हातात पिशव्या घेतलेल्या माणसानं काय करायचं? आम्ही रिक्षावाल्याशी घासाघीस केली, त्यानं सांगितलेला आकडा ऐकून आमची मंडळी म्हणाली की एवढ्यात तर आपण दोंडाईचाहून दोघं सुरतेला आलो. खरंच होतं ते. शेवटी चुलतभावाच्या मुलानं सोडलं. ज्याचा चुलतभाऊ उधन्याला नाही त्यानं काय करायचं हा प्रश्न डोक्यात घेऊनच मी बोटीत चढलो आणि अजून तो गेलेला नाही. बोट माणसांसाठी पण आहे ना, तिकीट देतात ना पायी येणाऱ्याला, मग त्याच्यासाठी गाडीच्या वेळेला जोडून एक बस असायला काय हरकत आहे.

धक्क्यावर मात्र बघण्यासारखं खूप आहे आणि तिथं लवकर पोचा असंच मी सगळ्यांना सांगेन. ट्रक उलटे, म्हणजे रिव्हर्समध्ये जहाजात घेतात. एक माणूस मागं उभा राहून शिटी मारतो, हातानं खुणा करतो, नि तो दहा-बारा चाकांचा भरलेला ट्रक दोन्ही बाजूंनी वीतभर जागा सोडून सरळ आत जातो. मग त्याला साखळ्या लावतात, चाकाखाली लाकडी ठोकळे. एका ट्रकवर कापसाच्या गाठी होत्या, कुठून आल्या विचारायचं होतं पण ड्रायव्हर तोपर्यंत वर जाऊन झोपायच्या तयारीत. त्यांचं बरोबर आहे, त्यांना हा चार तासांचा आराम मिळतो जो रस्त्यावर कधीच मिळत नाही.

जहाज सुटलं तसे आम्ही एसी हॉल सोडून डेकवर आलो. आधी बराच वेळ नुसते कारखाने, चिमण्या, टाक्या, उभी असलेली मोठी जहाजं, हजीरा म्हणजे तेच. मग ते मागं पडलं. आणि पाणी. मला वाटलं होतं निळं असेल, फोटोत असतं तसं. खंभातच्या आखाताचं पाणी निळं नसतं, गढूळ असतं, चहाच्या रंगाचं म्हणा, कारण नर्मदा, तापी, मही, साबरमती या सगळ्या नद्या आपापला गाळ आणून इथंच टाकतात आणि भरती-ओहोटीचा जोर एवढा की तो गाळ खाली बसतच नाही. मी कठड्याला धरून किती वेळ ते बघत उभा होतो. मुलताईहून निघून 724 किलोमीटर येणारी तापी, चांगदेवला पूर्णा तिच्यात येते, मुडावदला पांझरा, प्रकाशाला गोमाई, मग उकाई, मग सुरत. आमच्या शेतातली काळी माती दर पावसाळ्यात वाहून जाते, बांध फुटतो, आम्ही शिव्या देतो नि विसरतो. ती इथं आहे. लोक म्हणतील काय गढूळ पाण्यात बघायचं, मी म्हणतो खान्देशच्या माणसानं तेच बघायला यावं. उकाई धरण 1972 ला झाल्यापासून बराचसा गाळ तिथंच अडतो हे पण खरं, पण जो शेकडो वर्षं आला तो याच किनाऱ्यावर पसरलेला आहे. याच आखातात वरच्या बाजूला दहेजला गाळानं एक बोटसेवा बंद पाडली, 2017 ला सुरू झालेली घोघा-दहेज. दहेजला नर्मदेच्या मुखाशी खोली राहिना नि जहाज धक्क्याला लागेना. म्हणून हजीऱ्याची बोट जास्त जपायला पाहिजे असं मला वाटतं.

मधे एक दीड-दोन तास असा येतो की कुठल्याच बाजूला जमीन दिसत नाही. आमची मंडळी तेव्हा गप्प होती, घाबरली का विचारलं तर म्हणाली नाही, एवढं मोकळं कधी बघितलंच नव्हतं. त्याच वेळेला मागच्या बाकड्यावर अहिराणी ऐकू आली. आम्ही वळून बघितलं, नऊवारीतली म्हातारी, तिचा मुलगा, सून, दोन पोरं. मी विचारलं, कोनतं गाव तुमनं? म्हणाली, मूळ शिरपूरनं, आते उधनामा ऱ्हातस. झालं, मग डबेच उघडले. त्यांच्याकडं कळण्याची भाकरी नि ठेचा, आमच्याकडं दशम्या नि शेंगदाण्याची चटणी. म्हातारीचा भाऊ भावनगरकडच्या तळाज्याला असतो, पूर्वी तिला रस्त्यानं नेत होते तर दोन दिवस उठवत नव्हतं, आता दर वर्षी जाते म्हणाली, डेकवरच बसते, आत थंडी वाजते. डेकवर सावलीची बाकडी थोडी आहेत, बाकीचे लोक कठड्याला टेकून नाहीतर जिन्यावर बसतात. अजून पाच-दहा बाकडी नि वर एक कापडी छप्पर, एवढंच पाहिजे. म्हाताऱ्या माणसांना मोकळी हवा आवडते पण ऊन सोसत नाही.

थोडं जुनं सांगतो, कारण नाहीतर लोकांना वाटतं की खान्देशचा नि समुद्राचा काय संबंध. 17व्या शतकात बुऱ्हाणपूर ते सुरत हा देशातल्या मोठ्या व्यापारी रस्त्यांपैकी एक होता आणि तो चोपडा, थाळनेर, नंदुरबार, नवापूर असा आपल्याच गावांवरून जायचा. कापूस, कापड, नीळ, सगळं या रस्त्यानं सुरतेला नि तिथून जहाजात. 1615 साली इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो सुवालीला जहाजातून उतरला, ते सुवाली म्हणजे हजीऱ्याच्या शेजारचंच, आणि तिथून बादशहाच्या भेटीला निघाला तो आधी आपल्या खान्देशातूनच बुऱ्हाणपूरला गेला. आज आमच्या पोरांना समुद्र म्हटलं की गोवा आठवतो. नंदुरबारहून सुरत काय लांब आहे हो, सकाळी निघून संध्याकाळी घरी परत येणारे लोक आहेत.

घोघा जवळ आलं की डावीकडं पिरम बेट दिसतं, मग दीपस्तंभ. घोघा फार जुनं बंदर, तिथले खलाशी लांब लांबच्या देशात जायचे, गुजरातीत म्हणच आहे लंकानी लाडी ने घोघानो वर. उतरायचा पूल भलामोठा लोखंडी, पाण्याबरोबर वर-खाली होणारा, कारण भावनगरच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक 10 मीटरच्या वर जातो. म्हणजे भरतीला जिथं पाणी होतं तिथून सहा-एक तासांनी ते तीन मजले खाली. जगात अशी ठिकाणं फार थोडी. म्हणून तर पुढं अलंगला 1983 पासून जुनी जहाजं तोडतात, भरतीला जहाज थेट किनाऱ्यावर चढवायचं, पाणी ओसरलं की ते उघड्यावर.

दोघं मित्र घ्यायला आले होते. किती वर्षांनी भेटलो ते लिहीत नाही, पण एकाला मी चालण्यावरून ओळखलं, चेहऱ्यावरून नाही. पिशवीतून पहिलं काय काढलं तर भरिताची वांगी, ती आपली हिरवी पांढुरकी मोठी. जळगावहून पुतण्यानं मुद्दाम आणून दिली होती. नि कांद्याची हिरवी पात. आमच्या मित्रानं त्या वांग्याला नाकाशी धरलं नि बराच वेळ काही बोललाच नाही. संध्याकाळी गच्चीवर काड्या पेटवून भाजली, भरीत ठेचायची लाकडी बडगी नव्हती म्हणून परातीत ठेचली, वरून शेंगदाणे तळून, मिरच्या भाजून. शेजारचे काठेवाडी लोक आले, ते वांग्याचा ओळो करतात, ते म्हणाले आमचं वांगं एवढं गोड लागत नाही. त्यांनी बाजरीचे रोटले नि लसणाची चटणी आणली. त्या रात्री जे बोलणं झालं ते फोनवर कधीच झालं नसतं, एका मित्राची बायको दोन वर्षांपूर्वी गेली, फोनवर आम्ही सांत्वन केलं होतं पण समोर बसून तिच्याबद्दल बोलणं ते वेगळं. मला वाटतं माणूस प्रवास करतो तो यासाठी.

भावनगर शहर आरामात बघण्यासारखं आहे. 1723 ला भावसिंहजींनी वसवलेलं. तख्तेश्वरच्या टेकडीवरून सगळं शहर दिसतं नि लांब आखात. सामळदास कॉलेजात 1888 ला गांधीजी काही महिने शिकले होते. रस्त्यानं बाहेर पडलं की मिठागरं, पांढरे ढीगच्या ढीग.

पण जे मला कायम लक्षात राहील ते कोळियाकचं निष्कलंक महादेव. शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटर. देऊळ समुद्रात आहे, भिंती नाहीत, नुसता ओटा, पाच पिंडी नि एक उंच ध्वज. पांडवांनी युद्धाचं पाप इथं धुतलं अशी श्रद्धा. भरती असली की फक्त ध्वज दिसतो. ओहोटी लागली की लोक किनाऱ्यावर थांबून राहतात, पाणी हळूहळू मागं जातं, आणि मग अनवाणी चिखलातून चालत जायचं. मित्रानं आधीच तिथी बघून वेळ काढली होती, भावनगरात कोणालाही विचारा पाणी कधी उतरणार, तिथीवरून सांगतात. आम्ही पण किनाऱ्यावर बसून राहिलो. कोणी घाई करत नव्हतं, करून उपयोगच नाही. त्या चिखलात पाय घोट्यापर्यंत जातो, मऊ, काळपट, गार, आमच्या मंडळींनी हातात घेऊन बघितला नि म्हणाली ही तर आपल्यासारखीच माती आहे.

आता माझं मागणं. आमच्या शाळांच्या सहली वर्षानुवर्षं त्याच ठिकाणी जातात. अजिंठा, वेरूळ, सप्तशृंगी. जाऊ द्या, चांगलंच आहे. पण शिरपूर, शहादा, यावल, रावेर, तळोदा इथल्या पोरांनी तापी पुस्तकात पश्चिमवाहिनी नदी म्हणून पाठ केलेली असते, अरबी समुद्राला मिळते असं लिहून एक मार्क घेतलेला असतो, आणि मिळते म्हणजे काय होतं ते एकानंही बघितलेलं नसतं. प्रकाशाचा संगम बघायचा, उकाईचं धरण बघायचं, रात्री सुरतेला थांबायचं, आपल्या लोकांच्या वाड्या-शाळा आहेत तिथं, सोय होते, नि सकाळी हजीऱ्याहून बोटीत बसवायचं. पोरांना डेकवर उभं करून सांगायचं की बघा, हे तुमच्या गावाखालून आलेलं पाणी. भूगोलाचा असा तास दुसरीकडं कुठं होणार. मुख्याध्यापक मंडळींनी याचा विचार करावा, पालकांनी भीती घालू नये.

आणि ज्यांच्या हातात आहे त्यांनी, इकडच्या नि तिकडच्या दोन्ही राज्यांतल्या, एवढं करावं की खान्देशातून सकाळी सुरतेला पोचणाऱ्या गाड्यांना जोडून उधना किंवा सुरत स्टेशनवरून धक्क्यापर्यंत बस द्यावी. रोज नको, शनिवार-रविवारी सुरू करून बघा. धुळे-नंदुरबारहून सुरतेला एसटी जातातच, त्यातली एखादी पुढं धक्क्यापर्यंत नेता आली तर अजून उत्तम. घोघ्याकडून भावनगर वीसेक किलोमीटर आहे, तिथंही तोच प्रश्न, पण तिथं निदान कोणी न कोणी लिफ्ट देतं असा अनुभव आला. आमच्या लोकप्रतिनिधींनी रेल्वेचे थांबे मागितले, गाड्या मागितल्या, त्याचा फायदा झाला, दुहेरी लाइन झाली. त्याच लाइनीच्या शेवटी बोट उभी आहे हे त्यांच्या कानावर घालणं हे तुमच्यासारख्या पेपरचं काम आहे.

तुमच्याकडं शेवटची विनंती अशी की बोटीचं वेळापत्रक बदलत असतं, भरती, हवामान, कधी दुरुस्ती, त्यामुळं आमच्यासारखा माणूस विचारपूस करूनच थकतो. तुम्ही जळगाव आवृत्तीत रोज केळीचे भाव छापता, कापसाचे भाव छापता. त्याच पानावर आठवड्यातून एकदा हजीरा-घोघा बोटीच्या वेळा नि भाडं चार ओळींत छापा, नि नंदुरबार, धुळ्याच्या आवृत्तीतही. पुढच्या सुटीच्या पुरवणीत पण एक पान या रस्त्याचं येऊ द्या, माहिती लागली तर मी लिहून द्यायला तयार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जुना वाचक,
दोंडाईचा, जि. धुळे